अकरा नावांतली सहा खोडा

वाचकाचं पत्र:

'मी, नवरा, ताई आणि भावोजी असे आम्ही चौघं तीन दिवस द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात वाइन चाखत फिरायचं ठरवतोय. नवऱ्यानं महिनाभर वाचून यादी केली आहे. एकूण अकरा वायनऱ्या: पहिले दोन दिवस चार-चार, तिसऱ्या दिवशी तीन, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटं. ती बघूनच मला दमायला होतं. पण तो म्हणतो, इतक्या लांब जायचं आणि निम्मं सोडून यायचं का? भावोजी घेत नाहीत, म्हणून गाडी त्यांच्याकडे असं आम्ही धरून चाललोय. ताईला वाइनमधलं काही कळत नाही, चारचौघांत हसं होईल म्हणून ती आत्ताच कच खातेय. शिवाय तिथे म्हणे तोंडातली वाइन थुंकतात, ते मला कसंसंच वाटतं. कधी जावं, किती ठिकाणं करावीत, बाटल्या विकत घ्याव्याच लागतात का, आणि एखादी वाइन आवडलीच नाही तर काय करायचं?'

उत्तर:

महिनाभर खपून यादी करणाऱ्या माणसाची हौस मोडायला माझं मन होत नाही. तरी सांगते, त्या अकरांतली सहा नावं खोडा. उरलेल्या पाचांत तुमच्या मिस्टरांना हवं आहे ते सगळं मिळेल, आणि अकरांत यातलं बरंचसं हातून निसटेल. हे त्यांना पटावं म्हणून आधी आकडे मांडते.

टेस्टिंगला एक वाइन साधारण ३० ते ६० मिलिलिटर ओततात. आपण ५० धरू. एका ठिकाणी पाच वाइन चाखल्या तर २५० मिलिलिटर झाल्या, आणि दिवसाला चार वायनऱ्या म्हणजे माणशी एक लिटर. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची असते. म्हणजे 'नुसतं चाखत' प्रत्येकजण सव्वा बाटलीच्या वर पिणार. वाइनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरलं तर ते १०० ग्रॅमच्या पुढे जातं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटवतं, म्हणजे हा सगळा निचरा व्हायला दहा ते पंधरा तास लागणार. कॉफीनं किंवा तोंडावर गार पाणी मारल्यानं तो वेग वाढत नाही. पोटात अन्न असेल तर अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं, एवढाच त्याचा उपयोग. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच वाइन तुम्हाला आणि ताईंना अधिक चढेल. कोणाला रोजची औषधं चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

ही झाली शरीराची बाजू. त्याहून मला जिभेची काळजी वाटते, कारण तुम्ही चालला आहात चव घ्यायला. लाल वाइनमधला तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपाच्या लाकडातून येतो. टॅनिन नावाची ती द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. म्हणून कडक लाल वाइननंतर हिरड्या आणि जीभ खरखरीत लागतात. अशा चार-पाच वाइन पाठोपाठ घेतल्या की पुढची कशी आहे हे सांगणं सरावलेल्या माणसालाही जड जातं. नाकाचंही तसंच, एकाच तऱ्हेचा वास सतत येत राहिला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. चौथ्या वायनरीतली विसावी वाइन कोणीच चाखत नाही, तिच्या नावापुढे फक्त खूण केली जाते.

तेव्हा पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन आणि तिसऱ्या दिवशी एक, एवढंच ठेवा. त्यातही दोघांत मिळून एक ग्लास घ्या. बऱ्याच ठिकाणी हे चालतं, आधी फोनवर विचारायचं एवढंच. असं केलं की दोन वायनऱ्यांच्या दिवशीसुद्धा माणशी पाव लिटर होते, आणि थुंकणं जमलं तर त्याहूनही बरीच कमी. थुंकण्याबद्दल पुढे सांगतेच.

ही पाच ठिकाणं निवडताना प्रसिद्धीकडे फार बघू नका. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियातल्या वाइन ठेवल्या होत्या. पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक गेला नापा खोऱ्यातल्या वाइनला, ज्यांचं नाव तोवर फारसं कोणी घेत नव्हतं. मी निवडलं असतं ते वेगळेपणावर. एक मोठी वायनरी, जिथे यंत्रं आणि तळघर नीट फिरवून दाखवतात. एक अगदी छोटी, जिथे वाइन करणारा माणूस स्वतः ग्लास भरतो. आणि शक्य असेल तर दोन अशा, ज्या एकमेकींच्या शेजारी आहेत आणि एकाच वाणाच्या द्राक्षांची वाइन करतात. या शेवटच्या जोडीवर माझा विशेष भर आहे. फ्रान्समधल्या बर्गंडीत क्लो द व्हूजो नावाचा मळा आहे. सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या संन्याशांनी त्याला भिंत घातली होती. जेमतेम ५० हेक्टरांचा तो मळा आज सुमारे ८० मालकांत वाटलेला आहे. भिंत एक, लाल वाइनचा वाण एक, तरी उतारावर वरच्या बाजूला ओळी असलेल्याची वाइन आणि खाली सपाटीवर ओळी असलेल्याची वाइन यांत फरक पडतो. कोणी द्राक्ष आठवडाभर आधी तोडतो, कोणी नवी पिंपं वापरतो, कोणी जुनी. तुम्ही जाल तिथेही असे शेजारी सापडतील. दोघांची वाइन एकाच दिवशी चाखलीत तर माती, उतार आणि माणसाचा हात यांचा वाइनशी काय संबंध असतो ते जिभेवरच कळेल. मिस्टरांना महिनाभर वाचून जे कळलं नसेल ते त्या दुपारी कळेल.

नकाशावर आखलेल्या वाइन-मार्गाचा मोहही आवरा. जर्मनीचा वाइन-मार्ग १९३५ पासून आहे, लांबी साधारण ८५ किलोमीटर. फ्रान्समधल्या अल्सासचा १९५३ पासून, साधारण १७० किलोमीटर. असा मार्ग दिसला की या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी हाकावीशी वाटते. पण गाडीच्या काचेतून सगळे मळे सारखेच दिसतात. मुक्काम एकाच गावात ठेवा, तोही असा की किमान एक वायनरी पायी जाता येईल. तिन्ही रात्री एकाच खोलीत काढल्यानं बॅगा भरणं-उपसणं वाचतं, आणि संध्याकाळी मळ्याच्या कडेनं चालायला वेळ उरतो.

आता भावोजी. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य त्यांच्याबद्दलचं आहे. ते पीत नाहीत म्हणून गाडी त्यांनीच चालवायची हे तुम्ही तिघांनी ठरवलंत, त्यांना विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. त्यांचीही सुट्टीच आहे. तीन दिवस अनोळखी, वळणाच्या रस्त्यांवर गाडी चालवायची आणि मध्ये-मध्ये तिघांची वाट बघत बसायचं, याला कोणी सहल म्हणणार नाही. पाचपैकी चार ठिकाणांना ड्रायव्हरसह गाडी ठरवा आणि खर्च चौघांत न वाटता पिणाऱ्या तिघांत वाटा. त्यांनी आपणहून एखादा दिवस गाडी घेतो म्हटलं तर गोष्ट वेगळी.

आणखी एक, जरा नाजूक. ते का घेत नाहीत हे विचारू नका, पण अशा ठिकाणी यायला त्यांना बरं वाटेल का, हे त्यांना एकट्यानं, शांतपणे विचारा. ताईंनी विचारलं तर उत्तम. काहींना नुसती आवड नसते, काहींच्या श्रद्धेत ते बसत नाही, आणि काहींनी एकेकाळी मोठ्या कष्टानं सोडलेली असते. या तिसऱ्या माणसासाठी वाइनच्या वासानं भरलेल्या खोलीत तासभर बसणं हा खेळ नसतो. उत्तर काहीही आलं तरी त्याप्रमाणे बेत बदलायची तयारी ठेवा.

त्यांना यावंसं वाटत असेल तर त्यांच्यासाठी तिथे खूप काही आहे. मळ्यातून फिरायला मिळतं का हे आधीच विचारून ठेवा. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं, बियांचं आणि पिकल्यावर बहुधा अधिक गोड असतं. मळेवाल्यांना विचारून एक काळा मणी बोटांनी दाबून बघायला सांगा: बहुतेक वाणांत आतला रस रंगहीन निघतो. लाल वाइनचा सगळा रंग सालीत असतो, म्हणून रस सालींसकट आंबवावा लागतो. काळी द्राक्षं लगेच पिळून साली बाजूला काढल्या तर त्याच द्राक्षांची फिकट वाइन होते, शँपेनमध्ये हेच करतात. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले दिसले तर त्याचीही गोष्ट आहे. भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचा, रोग गुलाबालाही होतो आणि पूर्वी मळेकरी त्यावरून वेलीवर येणाऱ्या भुरीचा अंदाज बांधत. बरेच वेल खुंटावर कलम केलेले असतात, कारण १८६० च्या दशकात अमेरिकेतून युरोपात गेलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं तिथले मळे मुळापासून खाल्ले होते आणि अमेरिकी वेलीच्या मुळांवर कलम करूनच ते वाचवावे लागले. हे सगळं कळायला वाइनचा एक थेंबही घ्यावा लागत नाही. भावोजींची हरकत नसेल तर वास घेण्यातही ते सामील होऊ शकतात, कारण आपण ज्याला वाइनची चव म्हणतो त्यातलं बरंचसं काम नाकाचं असतं.

थुंकण्याबद्दल तुमचं मन मी समजू शकते. आपल्याला लहानपणापासून उलटंच शिकवलेलं आहे. पण टेस्टिंगच्या टेबलावर ठेवलेलं ते भांडं पाहुण्यांच्या सोयीसाठीच असतं, आणि ते वापरणाऱ्याकडे वाइन करणारे जरा आदरानंच बघतात, कारण हा माणूस चव घ्यायला आला आहे हे त्यांना त्यावरून कळतं. रोज वीस-तीस वाइन तपासणारे सगळे हेच करतात. घरी बाथरूममध्ये पाणी घेऊन दोन-तीनदा सराव करा. ओठ जरा पुढे काढून एका धारेत, भांड्याच्या जवळ वाकून. तरीही नकोसं वाटलं तर एक छोटा घोट घ्या आणि ग्लासात उरलेली वाइन त्याच भांड्यात ओता. त्यातही काही अपमान नाही. फक्त थुंकणाऱ्यानंही गाडी चालवू नये. थोडं अल्कोहोल तरीही पोटात जातंच, आणि नेमकं किती गेलं हे कोणालाच सांगता येत नाही.

ताईंना माझा निरोप द्या. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ठेवला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. शिकलेल्यांचं नाकही डोळ्यांच्या मागे जातं, मग न शिकलेल्या माणसानं लाजायचं कारण काय? ताईंनी शब्दांच्या मागे लागूच नये. ग्लास दांड्याला धरून हलकेच फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, घोट तोंडभर फिरवायचा आणि स्वतःला चार प्रश्न विचारायचे. आंबट किती? गालांच्या आत लाळ सुटली की समजायचं आंबटपणा चांगला आहे. तुरट किती? हिरड्या कोरड्या पडतात का बघायचं. गोड आहे का? आणि घशात ऊब किती जाणवली? ती अल्कोहोलची. एवढ्या चार उत्तरांवर ओतणाऱ्याशी अर्धा तास बोलता येतं. वास ओल्या मातीसारखा आला तर तसं सांगावं, गवतासारखा आला तर गवत म्हणावं. आणि कुठल्याही वायनरीत चालणारा एक प्रश्न त्यांना देऊन ठेवते: 'यंदाचं वर्ष कसं गेलं?' पाऊस, ऊन, गारा, तोडणीची घाई, सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर येतं आणि समोरचा माणूस खुलतो.

कधी जावं? उत्तर गोलार्धात द्राक्षांची तोडणी बहुतेक ठिकाणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास. उष्ण कटिबंधात वेलीला थंडीची झोप मिळत नाही, तिथे छाटणी केव्हा केली यावर तोडणी ठरते. ऐन तोडणीत वातावरण भारलेलं असतं, पण वायनरीतल्या कोणाला तुमच्याकडे मान वर करून बघायला फुरसत नसते. तुम्हाला निवांतपणा हवा आहे, म्हणून तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी जावं असं मला वाटतं. मण्यांत पाणी उतरलेलं असतं, म्हणजे ते मऊ आणि गोड होऊ लागलेले असतात, घड रंगलेले असतात, मळा भरलेला दिसतो आणि माणसांना बोलायला वेळ असतो. तोडणीतच जायचं ठरवलंत तर आंबवण्याच्या टाक्या असलेल्या तळघरात एकट्यादुकट्यानं शिरू नका. किण्वनात निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो आणि जीवावर बेततो. तिथल्या माणसाबरोबरच जा. वेळ कुठलीही निवडा, पण फोन करून ठरवूनच जा. छोट्या वायनऱ्या बऱ्याचदा आधी सांगितल्याशिवाय दार उघडत नाहीत.

दिवसाची आखणी सोपी ठेवा. सकाळी नीट खाऊन अकराच्या सुमारास पहिली वायनरी, तिथे चाळीस मिनिटांऐवजी दीड तास. मग जेवण, मग दोन तास काहीच नाही, झोपा किंवा चाला. चारला दुसरी. क्रम पांढऱ्याकडून लालकडे, हलक्याकडून जड, कोरड्याकडून, म्हणजे गोडवा नसलेल्याकडून, गोड. गोड आधी घेतली तर पुढची कोरडी वाइन उगीच आंबट लागते. प्रत्येक वाइननंतर पाणी, मधून साधा पाव. त्या दिवशी अत्तर लावू नका, तुमच्या अत्तराचा वास शेजाऱ्याच्याही ग्लासात जातो. टेस्टिंगच्या अगदी आधी दातही घासू नका. बूट असे घाला की मातीत गेले तरी चालतील. प्रत्येक वाइनबद्दल फोनमध्ये एक ओळ टिपून ठेवा, संध्याकाळपर्यंत सगळ्या एकमेकींत मिसळतात.

बाटली विकत घेणं भाग नसतं. टेस्टिंगचे पैसे घेत असतील तर ते दिलेत की हिशेब पुरा झाला. काही ठिकाणी बाटली घेतल्यास ती रक्कम वजाही करतात. पैसे न घेता एखाद्या छोट्या वायनरीनं तासभर दिला असेल तर एक बाटली घ्यावी, असं मी म्हणेन. बाकी खरेदी तिसऱ्या दिवशी, टिपणं वाचून करा. दुसऱ्या ग्लासानंतर सगळंच घ्यावंसं वाटतं. बाटल्या उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, उष्णतेनं वाइन शिजल्यासारखी होते आणि परत सुधारत नाही. सीमा ओलांडून आणणार असाल तर किती आणता येते हे निघण्यापूर्वीच बघून ठेवा.

राहिला शेवटचा प्रश्न. आवडली नाही तर उरलेली भांड्यात ओता आणि का आवडली नाही ते सरळ सांगा: 'मला फार तुरट लागली', 'लाकडाचा वास जास्त वाटला'. त्यावरून पुढची वाइन तुमच्या चवीची काढून देता येते, आणि चांगल्या वायनरीत याचं कोणाला वाईट वाटत नाही. मात्र ग्लासातून ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट वास आला आणि फळाचा वास जवळजवळ नसेलच, तर दोष तुमच्या आवडीचा नाही. बुचातून येणाऱ्या एका द्रव्यानं ती बाटली बिघडलेली असू शकते. संकोच न करता ग्लास त्यांच्याकडे द्या आणि वास घेऊन बघायला सांगा. वास खरंच बिघडलेला निघाला तर ते दुसरी बाटली फोडतील.